तसं काही फार वाईट नाही

रॉसलेअर, वेक्सफर्ड
४ फेब्रुवारी २०१९

प्रिय ब्रोना,

फोन न करता पत्र लिहितेय, त्याचं कारण सरळ आहे. फोनवर तू ‘तसं काही फार वाईट नाही, मावशी’ म्हणतेस आणि लगेच हवामानावर येतेस. कागदावर खोटं बोलायला जास्त वेळ लागतो. मी सगळी नोकरी बंदरावर कस्टममध्ये काढली. ‘बॅगेत काय आहे?’ विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणणारी माणसं ओळखणं, एवढं एकच कसब माझ्यापाशी आहे, आणि निवृत्तीनंतर ते गंजू नये म्हणून मी ते नातेवाइकांवर वापरते.

तुझ्या बाबांच्या वर्षाच्या मिस्साला मी चर्चमध्ये तुझ्या मागच्या बाकावर होते. सगळे गुडघे टेकायला खाली गेले, सगळे उठले, तू उठली नाहीस. लोकांना वाटलं, बापाच्या आठवणीनं पोरगी प्रार्थनेत बुडालीय. मी तुझी मूठ बघत होते. बाकाच्या कडेवर पांढरी पडली होती, आणि ओठांना रंग नव्हता. नंतर हॉलमध्ये सँडविच वाटताना तुझ्या आईला विचारलं, तर उना म्हणते, “अगं, पाळी आहे तिची. नाजूक आहे जरा.” नाजूक! पुस्तकांची खोकी उचलून, फिरत्या वाचनालयाची ती धूड गाडी लीट्रिमच्या वाकड्यातिकड्या रस्त्यांवरून एकटी हाकणारी बाई नाजूक?

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इमॅक्युलाटा आम्हाला सांगायच्या, दुखलं तर कुरकुरू नका, ते दुःख स्वर्गाआधी शुद्धिस्थळात अडकलेल्या आत्म्यांसाठी वाहून टाका. आम्ही इतकं वाहिलं की एव्हाना शुद्धिस्थळ ओस पडून तिथे खोल्या भाड्याने मिळत असतील. तू आणखी कुणाला सोडवायची गरज नाही.

कधीपासून दुखतं, कुणाला दाखवलंस, ते काय म्हणाले, ते लिही. हवामान नको.

तुझी,
डिंप्नामावशी


लीट्रिम
१९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र आईच्या आधी माझ्या हाती लागलं, ही देवाची कृपा.

तसं काही फार वाईट नाही. (बघ, हे लिहायला अजिबात वेळ लागला नाही.)

पाळीत दुखतं हे खरं. बाराव्या वर्षापासून. हल्ली पाळीच्या आधीही दुखतं आणि नंतरही थोडं, पण मधे चांगले दिवस असतात. गाडी चालवताना मी पट्ट्याखाली गरम पाण्याची पिशवी ठेवते. गावोगावच्या म्हाताऱ्यांना वाटतं मला थंडी सोसत नाही. एकीनं तर मला पोटाला बांधायला लोकरीचा पट्टा विणून दिलाय, जांभळा.

आणि दाखवलं नाही असं नाही. गेल्या जूनमध्ये आमच्या इथल्या बायकांच्या सर्जननी, मिस्टर टॅन्सींनी, दुर्बिणीतून पोट तपासलं, पूर्ण भूल देऊन. त्यांना एन्डोमेट्रिओसिसची शंका होती. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर, नको तिथे वाढतं आणि मग पाळीबरोबर तेही सुजतं, असं त्यांनी मला चित्र काढून समजावलं. शुद्धीवर आले तेव्हा ते पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. “छान बातमी आहे, ब्रोना. आत सगळं स्वच्छ आहे.” आई आनंदानं रडली. मीही हसले. छान बातमीवर रडायचं कसं?

दुखणं तसंच राहिलं. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी उलट्या झाल्या. मग ते म्हणाले, वडील गेल्याचा ताण असा शरीरातून बोलतो, आणि एखादं मूल झालं की पुष्कळदा बरं वाटतं. मी म्हटलं, “कुणापासून, मिस्टर टॅन्सी? आमच्या वाचनालयाचे सगळे पुरुष सभासद पेन्शन घेतात.” हसले बिचारे. आता चिंतेवरच्या गोळ्या चालू आहेत.

ते चांगले आहेत गं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत रोज संध्याकाळी येऊन बसायचे. कॅन्सरच्या डॉक्टरांशी आमच्या वतीनं तेच बोलले. चर्चच्या गाण्यात आईच्या मागच्या रांगेत उभे असतात, आणि आई दर शनिवारी त्यांच्यासाठी सोडा ब्रेड भाजते. त्यांनी स्वतः आत बघितलं आणि काही नाही म्हणाले, म्हणजे नसेलच ना?

मला वाटतं, मला वेदना सोसत नाहीत, इतकंच. काही माणसं असतात तशी.

तुझी,
ब्रोना


रॉसलेअर
१२ मार्च

प्रिय ब्रोना,

चिंतेवरच्या गोळ्या! मला जिचं नाव दिलंय ती संत डिंप्ना म्हणजे वेड्यांची आणि चिंताग्रस्तांची कैवारी. तेव्हा तिच्या वतीनं तुला अधिकारानं सांगते, तुझं प्रकरण तिच्या खात्यातलं नाही.

नव्यानं नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, बॅग उघडली, वरचे कपडे हलवले, काही दिसलं नाही, म्हणजे काही नाही. एकदा केलीहर नावाच्या आमच्या चिडक्या साहेबानं मी ‘स्वच्छ’ म्हणून सोडलेली बॅग परत मागवली. आतलं कापड अंगठ्यानं दाबत दाबत गेला आणि एका कोपऱ्याशी थांबला. मला वाटलं आता ओरडणार. तर म्हणाला, “तू बघितलंस, हे खरं. पण कुठे बघायचं ते तुला ठाऊक नव्हतं.” मिस्टर टॅन्सी बाळंतपणं करतात आणि उत्तम करतात. अर्धं लीट्रिम त्यांच्या हातून जगात आलं. म्हणून काय प्रत्येक कोपऱ्यावर त्यांचा अंगठा फिरलाय?

मी इथल्या वाचनालयात तीन दुपारी बसले आणि माझी ब्रिजची जोडीदार, जी जन्मभर नर्स होती, तिला भंडावून सोडलं. हे दुखणं नेहमी काळ्या डागांसारखं दिसत नाही म्हणे. कधी पाण्यासारखं असतं, कधी पांढुरकं. कधी गर्भाशयाच्या मागे, आतड्याच्या बाजूला खोल दडून बसतं. सोनोग्राफीत दिसलं नाही, किंवा एकदा दुर्बिणीतून दिसलं नाही, म्हणजे ते नाहीच असं नव्हे. तुला ते आहेच असंही मी म्हणत नाही. मी कोण? म्हणून तर म्हणते, ज्यांचं कामच हे आहे अशा तज्ज्ञांकडे जा. डब्लिनमध्ये आहेत. तुझ्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागेल, तेवढी माग.

आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं म्हणजे पहिल्याच्या तोंडात मारणं नव्हे. त्यांनी तुझ्या बापासाठी केलं त्याबद्दल त्यांना जन्मभर ब्रेड द्या. उपकार वेगळे आणि निदान वेगळं.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. डॉक्टर विचारेल, किती दुखतं? आणि तुझ्या तोंडून आपल्या देशाचं ते वाक्य बाहेर पडेल. तेव्हा आरशासमोर उभी राहा आणि म्हण: वाईट आहे. फार वाईट आहे. मला तज्ज्ञांकडे पाठवा. म्हणून बघ, जीभ झडत नाही.

वेदना सोसत नाहीत म्हणे! बाराव्या वर्षापासून सोसतेयस, वेडे.

तुझी,
मावशी


लीट्रिम
२९ एप्रिल

प्रिय मावशी,

गेले होते. डॉ. गिल्हूली नव्या आहेत, तरुण आहेत, आणि बाहेर अर्धं गाव खोकत बसलं होतं. त्या म्हणाल्या, “बोला, काय होतंय?” आणि मी म्हटलं, “तसं काही फार वाईट नाही, उगीच तुमचा वेळ घेतेय.” आरशासमोर म्हणाले होते गं मी. आरशाला सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, पाळीत त्रास होतो? म्हटलं, थोडा. गोळीनं थांबतो? म्हटलं, बराचसा. चिठ्ठी मिळाली, ती जरा जास्त जोराच्या गोळ्यांची.

बाहेर गाडीत येऊन बसले आणि कळ आली. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, “ठीक ना, ताई?” मी मान वर न करता अंगठा दाखवला.

आईला कळलंय. गिल्हूलींच्या दवाखान्यात नावं लिहून घेणारी बाई तिच्याबरोबर गाते. घरी आले तर आई ओट्याशी उभी. “दुसऱ्या डॉक्टरकडे गेली होतीस म्हणे तू? आणि रविवारी मी मिस्टर टॅन्सींना काय तोंड दाखवू? तुझ्या बापाचे डोळे मिटले त्यांनी.” मी म्हटलं, “आई, मला दुखतं.” तर म्हणाली, “बाईला दुखतंच, ब्रोना. मला काय दुखलं नाही? मी काय त्यासाठी गाव गोळा केला?” आणि पाठ फिरवून रेडिओ मोठा केला. तिचं नेहमीचं आहे ते. बोलणं संपलं की रेडिओ.

मी थकलेय, मावशी. दुखण्यानं थकते त्याहून जास्त, दुखतंय हे पटवण्यानं. आता सोडून देऊ या. कामाचं बरं चाललंय. परवा फक्त एका गावी दार उघडायला जरा उशीर झाला.

तुझी,
ब्रोना


रॉसलेअर
६ मे

ब्रोना,

उशीर का झाला? ‘जरा’ हा शब्द मी बंदरावर फार ऐकलाय. जरा चहा, जरा तंबाखू, आणि उघडून बघावं तर पेटी भरून.

पुढच्या वेळी मी येते तुझ्याबरोबर. गप्प बसेन. शपथ घेते.

मावशी


लीट्रिम
२० मे

मावशी,

गप्प बसणार होतीस ना? मग आईला फोन कशाला केलास? “तुला पोरीपेक्षा त्या माणसाच्या ब्रेडची काळजी जास्त आहे”, हे तू तिला म्हणालीस. तुझा आवाज मला जिन्यावर ऐकू येत होता, आणि फोन तिच्या कानाला होता. तेव्हापासून आई माझ्याशी बोललेली नाही. तुझ्याशी बोलेल असंही दिसत नाही. मला वाटतं, तू माझ्यासाठी भांडत नाहीस. तुला जिंकायचंय.

उशीर का झाला विचारलंस. मी गाडीच्या फरशीवर आडवी होते, कादंबऱ्या आणि बागकाम यांच्या मधल्या बोळात. दार आतून लावून घेतलं होतं. बाहेर लोक पुस्तकं कोटाखाली धरून पावसात रांगेत उभे होते. शेवटी मिसेस शॅन्लींनी छत्रीनं दार ठोकलं. “ब्रोना, मेलीस का गं आत?” मी म्हटलं, “नाही, पुस्तकं मोजतेय.” त्या म्हणाल्या, “मग लवकर मोज, माझा खुनी शेवटच्या प्रकरणात अडकलाय.”

झालं समाधान? आता काही दिवस पत्र लिहू नकोस.

ब्रोना


रॉसलेअर
३ जून

प्रिय ब्रोना,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून हे छोटं आहे आणि याला उत्तर नको.

ओरडले ते चुकलं. उनाला मी तसं कळवलंय. तिनं फोन उचलून ऐकलं आणि न बोलता ठेवला, जे तिच्या हिशेबी बरंच झालं.

आरशाचा सल्लाही चुकला. किती दुखतं ते तू सांगू नकोस. तुला ते येत नाही. या बेटावर कुणालाच येत नाही. जे घडलं ते सांग. फरशी सांग. आतून लावलेलं दार सांग. पावसातली रांग सांग. त्याला ‘तसं काही फार वाईट नाही’ जोडून बघ, जोडलं जातंय का.

मावशी


लीट्रिम
१७ सप्टेंबर

प्रिय मावशी,

सगळा उन्हाळा तुला लिहिलं नाही. राग जूनमध्येच गेला होता. नंतर नुसता कंटाळा होता.

जुलैत पुन्हा गिल्हूलींकडे गेले आणि खुर्चीत बसायच्या आधीच, उभ्या उभ्या, फरशीचं सांगून टाकलं. कोट न काढता. मिसेस शॅन्लींच्या खुन्यासकट. त्या हसल्या नाहीत. “हे तुम्ही मागच्या वेळी का नाही बोललात?” मी म्हटलं, “तुम्ही कामात होतात.” त्यांनी डोळे मिटून घेतले क्षणभर, आणि माझ्यादेखत डब्लिनला पाठवायची चिठ्ठी लिहिली.

परवा ती भेट झाली. मला एकटीनं जायचं होतं. सकाळी बाहेर आले तर आई चांगला निळा कोट घालून, हातात पर्स धरून गाडीपाशी उभी. “मी येतेय.” एवढंच. लाँगफर्ड गाव मागे पडल्यावर अंड्याचं सँडविच पुढे केलं. “खा. रिकाम्या पोटी वाईट बातमी ऐकू नये.” मी म्हटलं, “आणि चांगली असली तर?” आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “चांगली आपण मागच्या वर्षी ऐकली.”

तज्ज्ञ म्हणजे मिस मॅकगिनली. ठेंगण्या, पांढरे केस, पायात पळायचे बूट. मी मनात फरशीपासून सगळं लावून ठेवलं होतं. पण त्यांनी हात पुढे करून विचारलं, “काय, कशा आहात?” आणि मावशी, मी म्हटलं, “तसं काही फार वाईट नाही.”

त्यांनी माझा हात सोडला नाही. म्हणाल्या, “मी डोनेगॉलची. माझ्या वडिलांचा पाय ट्रॅक्टरखाली सापडला होता तेव्हा तेही हेच म्हणाले होते. बसा. पुन्हा सुरू करू.”

हसताना दुखलं. मग सांगितलं. गाडीचं, दाराचं, जांभळ्या पट्ट्याचं. संपलं असं वाटून मी थांबले, तर मागून आई म्हणाली, “ती सगळं सांगत नाहीये.”

पर्स मांडीवर घट्ट धरलेली, नजर त्या पर्सवर. “ती न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली असते. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबते, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मला येतो. मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करते.”

मिस मॅकगिनलींनी पेन खाली ठेवलं होतं.

“मला वाटायचं, असंच असतं,” आई म्हणाली. “मला असंच व्हायचं. ही जन्मण्याआधीही आणि नंतरही. माझ्या आईनं सांगितलं, असंच असतं. मग मी हिला सांगितलं.”

“तुम्हाला कधी कुणी तपासलं?” मिस मॅकगिनलींनी विचारलं.

“छे. कुणी विचारलंच नाही.” आणि मग घाईघाईनं, “पण माझं जाऊ द्या. माझं संपलं आता. हिचं बघा.”

मावशी, तुला वाटत होतं आईला मिस्टर टॅन्सींची भीड आहे. मलाही तेच वाटत होतं. भीड होतीच. पण तिनं माझं दुखणं कधी खोटं मानलं नव्हतं. तिला ते फक्त नेहमीचं वाटत होतं.

तपासताना मिस मॅकगिनलींनी मागच्या बाजूला एका जागी दाबलं आणि मी टेबलाची कड धरली. “इथेच?” तिथेच. त्या म्हणाल्या, मिस्टर टॅन्सींनी काढलेले फोटो त्यांनी बघितलेत. पुढचा भाग त्यांनी नीट तपासलाय, मागचा फोटोंत आलेलाच नाही. आधी एमआरआय, मग बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया. “काय निघेल ते आत गेल्याशिवाय सांगत नाही. पण हे तुमच्या डोक्यात नाही, एवढं आजच सांगते.”

आई रडली. मागच्या वर्षी रडली होती त्यापेक्षा वेगळं.

तुझी,
ब्रोना


लीट्रिम
२ फेब्रुवारी २०२०

प्रिय मावशी,

तू दवाखान्यात पाठवलेल्या जपमाळेबद्दल आणि तिच्याखाली लपवलेल्या चॉकलेटबद्दल आभार. नर्सनं दोन्ही शोधून काढलं. कस्टममध्ये शोभली असती.

शस्त्रक्रियेनंतर आता पुष्कळ वेळ बसता येतं, म्हणून नीट लिहिते. होतं. गर्भाशयाच्या मागे, त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या बंधांवर, आणि थोडं आतड्यावर. मिस मॅकगिनलींनी मला फोटो दाखवले. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. तर मेणबत्तीचं मेण सांडून थिजावं तसं, फिकट. कुणी बोट ठेवून दाखवलं नसतं तर मीही म्हटलं असतं, स्वच्छ आहे की! बहुतेक सगळं काढलं. आतड्यावरचा एक ठिपका ठेवलाय, त्यावर नजर ठेवायची. पुन्हा येऊ शकतं. मुलांचं काय, ते आत्ता कुणी सांगू शकत नाही. मी झोपते खूप. इतकी झोप कुठे साठवली होती कुणास ठाऊक.

गेल्या आठवड्यात पहिली पाळी आली. दुखलं. पण मी ओट्याशी उभी राहून कपबशा विसळत होते, आणि अर्ध्यावर लक्षात आलं की मी उभी आहे.

आता काल काय झालं ते ऐक. संत ब्रिजिडच्या सणाच्या मिस्साला आई मला हाताला धरून हळूहळू घेऊन गेली. बाहेर पडताना फाटकापाशी मिस्टर टॅन्सी. टोपी काढून म्हणाले, “काय उना, कशी आहे आपली ब्रोना?” आईनं तोंड उघडलं. काय येणार ते मला पाठ होतं, तुलाही पाठ आहे. मी मनातल्या मनात तिच्याआधी म्हणून मोकळी झाले.

आई म्हणाली, “वाईट होती. खूप वर्षं वाईट होती. तुम्ही बघितलंत, पण तुम्हाला दिसलं नाही.”

मागून येणारे लोक थबकले. मिस्टर टॅन्सी टोपी हातात फिरवत उभे राहिले. मग विचारलं, “कुठे होतं?”

“मागे,” मी म्हटलं.

“मागे,” ते म्हणाले. “माझ्याकडे या म्हणणार नाही मी आता. पण तो रिपोर्ट मला वाचायला मिळेल का? तुझ्यासारख्या आणखी येतात माझ्याकडे.” मी हो म्हटलं. मग ते आईकडे वळले. तेव्हा आईच म्हणाली, “शनिवारी ब्रेड येईल. त्याचा आणि याचा संबंध नाही.”

हे वाक्य तिनं तुझ्याकडून घेतलं की काय? तुझं ते पत्र मी तिला कधी दाखवलं नव्हतं.

तुझी,
ब्रोना


रॉसलेअर
८ फेब्रुवारी

प्रिय उना,

ब्रोनाचं पत्र आलं. फाटकापाशी तू जे बोललीस ते वाचून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. सिस्टर इमॅक्युलाटा ऐकत असतील तर बरं होईल. तुला आठवतं? शाळेत दर महिन्याला तुला आजारखोलीत झोपवायचे, आणि त्या येऊन म्हणायच्या, उना नाटकं करते. मोठ्या मुलींना तिथे जायला बंदी होती. मी दाराच्या काचेतून बघायचे, तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस.

एक आयुष्य झालं, मी फोनवर तुला ‘कशी आहेस’ विचारतेय आणि तू मला लीट्रिमचं हवामान सांगतेयस. आता कागदावर विचारते. डॉक्टरसाठी नाही, ब्रोनासाठी नाही, कुणासाठीच नाही. तुला कसं होतं ते मला ऐकायचंय.

डिंप्ना


लीट्रिम
२३ फेब्रुवारी

प्रिय डिंप्ना,

तुझं पत्र ब्रेडच्या डब्यामागे ठेवलं होतं. लिहायला बसले की ‘तसं काही फार’पर्यंत येते आणि कागद फाडते. आज तिथवर जायचंच नाही असं ठरवलंय.

वाईट होतं.

लग्नाच्या दिवशीही होतं. चर्चच्या पायऱ्यांवरचा तो फोटो तुझ्या दिवाणखान्यात आहे. मी फिंटनच्या दंडाला दोन्ही हातांनी धरून हसतेय. सगळे म्हणायचे, काय प्रेम आहे! मी पडू नये म्हणून त्याला धरलं होतं. त्याला कळलं होतं. त्यानं दंड ताठ धरून ठेवला.

ब्रोनासाठी आम्ही खूप वर्षं थांबलो. लोक विचारायचे. फिंटन म्हणायचा, देवाच्या मनात असेल तेव्हा. मी देवाला विचारायचे, मग हे दर महिन्याला कशासाठी? ते वाहून टाक म्हणायचे, म्हणून वाहून टाकायचे. कुणाला पोचलं ते कळलं नाही.

आणखी आहे. पण आज इतकंच जमतंय. पुढचं लिहीन. तू विचारत राहा.

ब्रोना वर झोपलीय. सगळं ऐकू यावं म्हणून मी रेडिओ बंद ठेवलाय. ऐकू येण्यासारखं काही नाही.

बाहेर पाऊस आहे, पण ते तू विचारलेलं नाहीस.

तुझी,
उना